माथ्यावरून दिल्ली

आर. के. पुरममधून दिल्ली उंचावरून पाहायची असेल तर सेक्टर ७ मधल्या टेकडीवर चढावे लागते. टेकडीवर स्वामिनाथाचे, म्हणजे कार्तिकेयाचे, ग्रॅनाइटचे मंदिर आहे. सगळी दिल्ली त्याला मलाई मंदिर म्हणते. चोल शैलीतल्या या मंदिराची प्रतिष्ठापना १९७३ साली झाली. नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबांची भक्ती आणि चिकाटी त्यामागे होती. चपला पायथ्याशी ठेवून दगडी पायऱ्या चढायच्या. मे महिन्यात सकाळी अकरानंतर हा दगड असा तापतो की माणसे सावलीची कड धरून, पावले उचलत चढतात. वर पोचल्यावर झाडांच्या शेंड्यांमधून वसाहत दिसते: सरकारी क्वार्टर्सच्या रांगा, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, पलीकडे भीकाजी कामा प्लेसच्या कार्यालयांचे उंच ठोकळे. पश्चिमेला पालमच्या धावपट्टीकडे एकामागून एक विमान खाली झुकत जाते.

पुणेकराला ही तऱ्हा नवी वाटणार नाही. पर्वतीवर देवदर्शन आणि शहरदर्शन एकाच फेरीत होते, आणि तिथेही कार्तिकस्वामीचे देऊळ आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली. टेकडीच्या माथ्याला परवाना लागत नाही, लिफ्ट लागत नाही आणि तिथे येणाऱ्यांची संख्या कोणी मोजत नाही. गगनचुंबी इमारतीवरच्या ऑब्झर्व्हेशन डेकचा मामला वेगळा आहे. तिथे माणसांनी बांधलेल्या उंचीवर अनोळखी माणसांचा लोंढा रोज वर न्यायचा असतो आणि रोज सुखरूप खाली आणायचा असतो. दिल्लीत या कामाचा इतिहास आठशे वर्षांचा आहे. त्यात एक मोठी दुर्घटना आहे आणि बांधून झालेली, पण पर्यटकांसाठी न उघडलेली एक काचेची खोलीही आहे.

आर. के. पुरम स्वतः बुटके का राहिले, हे आधी पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी मुनिरका आणि आसपासच्या गावांच्या जमिनीवर ही वसाहत वसवली गेली आणि तिला रामकृष्ण परमहंसांचे नाव दिले गेले. घरे दोन-चार मजल्यांची आणि मधे मोकळी मैदाने, असा तिचा आराखडा. जमीन सरकारची होती आणि तेव्हा ती मुबलक होती, त्यामुळे वर चढण्याची गरजच पडली नाही. आता शेजारच्या नौरोजी नगरात जुने क्वार्टर्स पाडून त्या जागी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे उभे राहिले आहेत. ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. पण तेही कार्यालयांचे मनोरे आहेत, शहर पाहायला येणाऱ्यांचे नव्हेत.

याहून मोठे कारण विमानतळाचे आहे. इंदिरा गांधी विमानतळाच्या जुन्या धावपट्टीचे पूर्व टोक येथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. विमानतळाभोवती आकाशात एक अदृश्य छत धरलेले असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीपासून ४ किलोमीटरपर्यंत ते विमानतळाच्या पातळीच्या वर ४५ मीटरवर असते आणि त्यापुढे विसाला एक या उताराने हळूहळू वर जाते. त्या छताला भोक पाडणारी इमारत सहसा बांधता येत नाही. भारतात यासाठी २०१५ चे उंची-निर्बंधाचे नियम आहेत आणि बांधकामापूर्वी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. तीनशे मीटरचा मनोरा या हिशेबात आर. के. पुरममध्ये बसत नाही. त्यात वसाहतीच्या सेक्टरांमध्ये लोदी काळातले घुमट विखुरलेले आहेत. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात पक्की झाली.

भूकंपाचे कारणही नेहमी सांगितले जाते, पण ते तितकेसे खरे नाही. दिल्ली भूकंपप्रवण प्रदेशात आहे, हे बरोबर. मात्र तिच्याहून कितीतरी अधिक हादरणाऱ्या टोकियोत २०१२ साली ६३४ मीटरचा स्कायट्री खुला झाला आणि त्याच्या ३५० व ४५० मीटरवरच्या डेकवर रोज गर्दी असते. उंच बांधणे ही आता अभियांत्रिकीच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

दिल्लीचा सर्वात जुना डेक आर. के. पुरमपासून सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आत आहे. महरौलीचा कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच आहे. पायथ्याशी त्याचा व्यास १४ मीटरहून थोडा जास्त, तर माथ्याशी पावणेतीन मीटरच्या आसपास आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने काम सुरू केले आणि इल्तुत्मिशाने पुढचे मजले चढवले. चौदाव्या शतकात वीज पडून वरचा भाग ढासळला, तेव्हा फिरोजशाह तुघलकाने डागडुजी करून पाचवा मजला घातला. प्रत्येक मजल्याला बाहेर काढलेला सज्जा आहे, आणि खालून त्या सज्ज्याला पेलणारे दगडी नक्षीचे थर हा मिनारचा सर्वात देखणा भाग आहे. सज्ज्यावर उभे राहिले की चारही दिशा मोकळ्या. आजचा डेक याहून वेगळे काही देत नाही.

पर्यटक म्हणून उंचावरून दिल्ली पाहून तिचे वर्णन लिहिणारा सर्वात प्रसिद्ध जुना प्रवासी इब्न बतूता. चौदाव्या शतकात तो दिल्लीत होता. कुतुबशेजारच्या अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या मिनारावर तो चढला. अलाउद्दीन खिलजीने पहिल्यापेक्षा मोठा मिनार बांधायला घेतला होता, तोच हा. आज त्याचा सुमारे पंचवीस मीटरचा बुंधा उरला आहे. शहरातली बहुतेक घरे वरून दिसत होती, तटाच्या भिंती उंच असूनही बुटक्या वाटत होत्या आणि खालची मोठी माणसे पोरांएवढी दिसत होती, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. बुर्ज खलिफाच्या काचेला नाक लावून उभा असलेला आजचा प्रवासी घरी फोनवर सांगतो ते जवळजवळ हेच असते.

कुतुबमिनारच्या डोक्यावरची जुनी छत्री पडली तेव्हा दिल्लीवर मराठ्यांचा ताबा होता. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर बादशाहीचा कारभार हाती घेतला आणि तो दौलतराव शिंद्यांकडे आला. १ सप्टेंबर १८०३ रोजी उत्तरेत मोठा भूकंप झाला आणि मिनारचा कळस कोसळला. दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. मिनारची दुरुस्ती इंग्रजांच्या काळात झाली. मेजर रॉबर्ट स्मिथने १८२८ मध्ये माथ्यावर बंगाली घाटाची छत्री बसवली आणि सज्ज्यांना नवे कठडे लावले. ती छत्री इतकी विसंगत दिसे की गव्हर्नर जनरल हार्डिंगने १८४८ मध्ये ती उतरवून घेतली. मिनारच्या आवारात हिरवळीवर ती आजही उभी आहे. पर्यटक तिच्याजवळून जातात, फलक वाचतात आणि पुढे सरकतात. मराठी पर्यटकाने मात्र तिच्यापाशी दोन मिनिटे थांबावे. मिनारच्या माथ्यावर आज कळस का नाही, याचे उत्तर शिंदेशाहीच्या दिल्लीतल्या शेवटच्या पंधरवड्यात आहे.

मिनारच्या आत ३७९ पायऱ्यांचा गोल जिना आहे. मिनार वर निमुळता होत जातो तसा जिनाही अरुंद होतो. प्रकाश येतो तो भिंतीतल्या झरोक्यांतून आणि सज्ज्यांच्या दारांतून. मधल्या वळणांवर दिवसाही मिट्ट काळोख असतो, म्हणून विजेचे दिवे लावलेले होते. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर, एकमेकांना घसटून जात. गोल जिन्यावर आतल्या बाजूला पायरी निमुळती असते, तिथे पाऊल पुरते मावत नाही. त्यामुळे गर्दीत जो आत ढकलला जाईल त्याचा तोल आधी जातो. पुढच्या वळणावर किती माणसे आहेत हे मागच्याला दिसत नाही आणि पुढे कोणी पडले तरी मागचा रेटा थांबत नाही.

४ डिसेंबर १९८१ हा शुक्रवार होता. शाळांच्या सहली आल्या होत्या आणि जिना माणसांनी भरलेला होता. वीज गेली. काळोखात घबराट पसरली, उतरण्यासाठी झुंबड उडाली आणि माणसे एकमेकांवर पडत गेली. ४५ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक शाळकरी मुले होती. त्या दिवसापासून कुतुबमिनारचे आतले दार पर्यटकांसाठी बंद झाले. १९९३ साली युनेस्कोने परिसराला जागतिक वारसा म्हटले, मेट्रोच्या एका स्थानकाला मिनारचे नाव मिळाले, पण वर जाणे पुन्हा सुरू झाले नाही. ते बरोबरच आहे. या जिन्याला दुसरी वाट काढता येत नाही, आणि वाट काढण्यासाठी असे स्मारक फोडणे कोणालाही मान्य होणार नाही. पण त्या दिवशी गेलेल्या मुलांमुळे एक गोष्ट दिल्लीला कायमची कळायला हवी होती: उंच जागी धोका उंचीचा कमी आणि वाटेचा जास्त असतो.

मुंबईच्या राजाबाई टॉवरचा अनुभवही याच जातीचा आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झालेला हा २८० फुटी मनोरा एके काळी वर चढून मुंबई पाहण्याची जागा होता. आत्महत्यांमुळे तो लोकांना बंद झाला. मुंबईत आज त्याच्या तिप्पट उंचीचे मनोरे आहेत, पण त्यातले बहुतेक राहण्याचे आहेत. वरचा देखावा घराच्या किमतीत धरलेला असतो आणि बाहेरच्या माणसाला फाटकावरच अडवले जाते.

पैसे भरून वर जाण्याची आजची पद्धत घडवण्यात पॅरिस आणि न्यूयॉर्क यांचा मोठा वाटा आहे. आयफेल टॉवर १८८९ सालचा. एम्पायर स्टेट बिल्डिंग १ मे १९३१ रोजी उघडली तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. कार्यालये रिकामी पडली होती, पण ८६ व्या मजल्यावरच्या, ३२० मीटर उंचीवरच्या डेकवर रांगा लागत. पहिल्या वर्षी डेकच्या तिकिटांचे उत्पन्न भाड्याच्या उत्पन्नाच्या बरोबरीने होते. देखावा विकता येतो हे तेव्हा इमारत बांधणाऱ्यांना कळले, आणि पुढच्या काळात उंच मनोऱ्याच्या हिशेबात डेक सुरुवातीपासूनच धरला जाऊ लागला.

मराठी घरांतून आज सर्वाधिक पाहिला जाणारा डेक बहुधा दुबईच्या बुर्ज खलिफाचा असावा. ही ८२८ मीटरची इमारत ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाली. सर्वसाधारण तिकिटात १२४ वा व १२५ वा मजला मिळतो, महागड्या तिकिटात १४८ वा, ५५५ मीटरवरचा. प्रवेश शेजारच्या मॉलच्या तळमजल्यातून आहे. तिकिटावर वेळ छापलेली असते. सूर्यास्ताच्या आसपासची वेळ महाग. बॅगा तपासल्या जातात, मग वळणावळणाच्या मार्गिकेतून गट पुढे सरकतो आणि लिफ्ट सेकंदाला १० मीटर वेगाने वर नेते. कानात दडे बसतात. सारे मिळून मिनिटभराचे काम. वर काचेची भिंत छातीच्या बरीच वर जाते. वारा आत यावा म्हणून ठेवलेल्या फटी इतक्या अरुंद की हात बाहेर काढता येईल, माणूस नाही.

यातला एकेक तपशील कुतुबच्या जिन्यावर जे नव्हते त्याची भरपाई करतो. तिकिटावरची वेळ म्हणजे वरच्या माणसांची संख्या ठरवण्याची युक्ती. दर अर्ध्या तासाला ठरावीक लोक वर सोडले की डेक कधी तुडुंब भरत नाही. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असते. लिफ्ट बंद पडली तर जिने असतात, आणि त्यांत मुख्य वीज गेली तरी पेटणारे दिवे असतात. कार्यालयाच्या मजल्यावर एका माणसामागे जेवढी जागा धरतात त्याच्या काही अंशच जागा जमावाच्या ठिकाणी धरली जाते, म्हणून डेकच्या मजल्यासाठी बाहेर पडण्याचे मार्ग आणि त्यांची रुंदी वेगळी मोजावी लागते. एवढे असूनही चूक होते. फेब्रुवारी २०१० मध्ये बुर्ज खलिफाची लिफ्ट पर्यटकांसह अडकली. त्यांची सुटका झाली, डेक बंद केला गेला आणि एप्रिलमध्येच पुन्हा उघडला. इमारत उघडून महिनाच झाला होता आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे होते. तरी दार लावून आधी दुरुस्ती केली गेली, हे महत्त्वाचे.

आधुनिक दिल्लीला असा डेक मिळालेला नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अंतरिक्ष भवनाच्या २४ व्या मजल्यावर ‘परिक्रमा’ हे फिरते उपाहारगृह आहे. ते सुमारे दीड तासात एक फेरी पूर्ण करते, आणि जेवण संपेपर्यंत कॅनॉट प्लेस, कर्तव्यपथाचा (पूर्वीच्या राजपथाचा) परिसर आणि जुनी दिल्ली खिडकीतून सरकत जातात. पण देखाव्यासाठी जेवणाचे बिल भरावे लागते. पीतमपुऱ्याचा २३५ मीटरचा टीव्ही टॉवर प्रक्षेपणासाठी आहे. महापालिकेचे सिव्हिक सेंटर उंच आहे, पण तिथे कामकाज चालते. सामान्य माणसाला थोड्या पैशांत उंची मिळते ती जामा मशिदीच्या दक्षिणेच्या मिनारात. सुमारे ४० मीटरच्या या मिनारचा जिनाही अरुंद आहे. वरून पूर्वेला लाल किल्ला, समोर चांदनी चौकाच्या गच्च्या आणि दक्षिणेला नवी दिल्ली दिसते. नवी दिल्ली आखणाऱ्यांनी संसद भवनापासून कॅनॉट प्लेसमार्गे जामा मशिदीकडे जाणारी जी सरळ रेषा मनात धरली होती, ती येथूनच नीट समजते.

खरा डेक होणार होता तो यमुनेवर, वजीराबादला. तिथल्या जुन्या अरुंद पुलावरून १९९७ साली शाळेची बस नदीत कोसळली आणि मुले बुडाली. त्यानंतर नव्या रुंद पुलाची मागणी जोर धरत गेली. बऱ्याच विलंबानंतर ४ नोव्हेंबर २०१८ रोजी सिग्नेचर ब्रिजचे उद्घाटन झाले. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखा त्याचा पोलादी खांब कुतुबमिनारच्या दुपटीहून उंच आहे आणि त्याच्या टोकाला, सुमारे १५४ मीटरवर, काचेची खोली आहे. पर्यटकांनी लिफ्टने तिथे जावे अशी योजना होती. पण खांबाचे पाय तिरपे आहेत, म्हणून लिफ्टही तिरपी जाते, आणि तिरप्या लिफ्टच्या परवानगीवर घोडे अडले. दिल्लीत लिफ्टना लागू असलेला कायदा मुंबई प्रांताचा, १९३९ सालचा. तोच दिल्लीला लावला गेला आहे. सरळ वर जाणाऱ्या लिफ्टचा विचार करून लिहिलेल्या त्या काळच्या नियमांत तिरपी लिफ्ट बसवणे सोपे नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये लिफ्ट, सरकते जिने आणि सरकत्या मार्गिका यांच्यासाठी नवा कायदा केला. दिल्लीनेही तो मार्ग घेण्यासारखा आहे. मात्र परवानगीचा आग्रह धरणाऱ्या अधिकाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. शाळेच्या मुलांच्या मृत्यूतून उभ्या राहिलेल्या पुलावर, शाळेच्या मुलांच्या मृत्यूने मिनार बंद झालेल्या शहरात, तपासणीशिवाय लोकांना वर सोडणे कोणाला परवडणारे नाही.

उंचावरून किती लांब दिसते याचा हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. कुतुबच्या माथ्यावरून ते सुमारे ३० किलोमीटर येते, सिग्नेचर ब्रिजच्या खोलीतून ४४, बुर्ज खलिफाच्या १४८ व्या मजल्यावरून ८४. क्षितिज लांबते तसा सूर्यही उशिरा मावळतो. म्हणूनच २०११ साली दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे, आणि १५० व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असे सांगितले.

दिल्लीत हा हिशेब वर्षातले बरेच दिवस कागदावरच राहतो. ऑक्टोबर सरताना वारा पडतो, रात्री लवकर गार होतात आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसते. वाहनांचा, शेतातल्या खुंटांचा आणि फटाक्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. दिवाळीच्या आसपास क्षितिज तीस किलोमीटरवर असले तरी डोळ्यांना दोन किलोमीटरवरची इमारत नीट दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीतले धुके कधी जमिनीलगत पातळ थरात असते, तेव्हा उंच मनोऱ्यांचे माथे त्याच्या वर उघडे राहतात. ते दाट झाले की वर-खाली सारखेच. एप्रिलपासून राजस्थानकडची धूळ येते. पाऊस ओसरल्यावरचे सप्टेंबरअखेरचे दिवस आणि होळीच्या आधीचे वाऱ्याचे दिवस, एवढेच उंचीचे चीज करणारे. दिल्लीत पुढेमागे डेक झालाच तर तिकिटाच्या खिडकीवर त्या दिवशीची दृश्यमानता किलोमीटरमध्ये लिहिलेली असावी आणि ती पाचाच्या खाली गेली की पैसे परत मिळावेत. सफदरजंग आणि पालम इथे हवामान खाते हा आकडा रोज नोंदवते.